देव न मानणारा जावई आणि संसाराचे स्थैर्य

मुलुंडला राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या घरात पिढीजात वारी आहे, पत्नी कित्येक वर्षे नेमाने सत्संगाच्या बैठकीला जाते आणि भाद्रपदात घरी गणपती बसतो. बँकेत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने स्वतः पसंत केलेला मुलगा शिकलेला, निर्व्यसनी आणि घरच्यांना जपणारा आहे. मात्र आपण देव मानत नाही, असे त्याने पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. तेव्हापासून नातेवाईक म्हणू लागले आहेत की ज्याला देवाचे भय नाही त्याला कशाचेच भय नसते, आणि अशा माणसाचा संसार टिकत नाही. श्रद्धेमुळे माणसाचे वागणे खरोखर सुधारते का, आणि श्रद्धाळू घरांतली लग्ने अधिक टिकतात का, हे वडिलांना जाणून घ्यायचे आहे.

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मी दीर्घकाळ विवाह समुपदेशक म्हणून काम केले आणि आता दादरला खासगी समुपदेशन करते. या कामाच्या आधारे आणि या विषयावर झालेल्या अभ्यासांच्या आधारे माझे उत्तर असे आहे: नुसत्या श्रद्धेवरून माणूस कसा वागेल याचा अंदाज फारसा बांधता येत नाही. नेमाने पाळलेला आचार आणि त्या आचाराबद्दल विचारणा करणारी माणसे यांचा मात्र वागण्यावर निश्चित परिणाम होतो, आणि हा परिणाम धर्माच्या आत जसा दिसतो तसा धर्माबाहेरही दिसतो. लग्नाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. माणूस आपला धर्म स्वतःच्या वागण्याला लावतो की जोडीदाराच्या, यावर त्या घराचे पुष्कळसे भवितव्य ठरते.

तुमच्या नातेवाइकांचे मत आपल्याकडे अगदी सर्वसाधारण आहे, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ३४ देशांच्या पाहणीत भारतातील ७९ टक्के लोकांनी सांगितले की नीतीने वागण्यासाठी देवावर विश्वास असणे आवश्यक आहे. सर्व देशांचा मध्यांक, म्हणजे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा, ४५ टक्के होता आणि स्वीडनमध्ये जेमतेम ९ टक्के लोक तसे मानत होते. स्वीडनमधले व्यवहार विश्वासावर चालतात आणि तिथे भ्रष्टाचारही कमी आहे, हे सर्वज्ञात आहे. म्हणजे देवावाचून नीती नाही हे मत किती लोक धरतात, त्यावरून त्या समाजात नीती किती आहे हे ठरत नाही.

मग वागण्यावर खरोखर कशाचा परिणाम होतो? हा प्रश्न गेली शंभर वर्षे तपासला जात आहे. अमेरिकेत १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्टशोर्न आणि मे या दोन अभ्यासकांनी हजारो शाळकरी मुलांना खोटे बोलण्याची, नक्कल करण्याची आणि पैसे लांबवण्याची संधी मुद्दाम उपलब्ध करून देऊन त्यांचे वागणे नोंदवले. एका प्रसंगात प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या प्रसंगात तसेच राहील याची खात्री देता आली नाही, आणि धार्मिक शिक्षण घेतलेल्या मुलांचा प्रामाणिकपणा इतरांहून ठळकपणे वेगळा निघाला नाही. प्रसंग कसा आहे, पकडले जाण्याची शक्यता किती आहे आणि बरोबरची मुले काय करीत आहेत, यांचे वजन अधिक पडले.

१९७३ साली प्रसिद्ध झालेला डार्ली आणि बॅटसन यांचा प्रयोग मी समुपदेशन शिकायला येणाऱ्या मुलामुलींना नेहमी सविस्तर सांगते. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातील ४० विद्यार्थी, म्हणजे ज्यांनी पुढे धर्मगुरू व्हायचे ठरवले होते अशी तरुण मुले, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण देण्यासाठी पाठवली गेली. त्यांतील काहींच्या भाषणाचा विषयच बायबलमधील ती कथा होती, जिच्यात लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेल्या वाटसरूला पुरोहित टाळून पुढे जातो आणि हलका समजला जाणारा परका प्रवासी त्याची शुश्रूषा करतो. वाटेत एका दारात एक माणूस वाकून कण्हत, खोकत बसवलेला होता. ज्यांना हाताशी वेळ आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी ६३ टक्के थांबले, ज्यांना वेळेवर पोहोचा असे सांगितले होते त्यांच्यापैकी ४५ टक्के थांबले, आणि ज्यांना उशीर झाला आहे असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के थांबले. कोणाच्या डोक्यात कोणती कथा होती आणि कोणाची धर्मनिष्ठा किती होती, यावरून कोण थांबेल हे सांगता आले नाही. सकाळी साडेनऊला दादरच्या पुलावरून चालणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटेल. मुंबईत माणुसकी कमी झाली असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा ती पुष्कळदा नऊ वाजून बेचाळीसच्या लोकलने कमी केलेली असते, आणि घरात संध्याकाळी होणाऱ्या अनेक दुखावण्यांचे मूळही त्याच दमणुकीत असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण श्रद्धेचा काहीच परिणाम होत नाही असे म्हणणे खरे ठरणार नाही. व्हँकुव्हर येथे २००७ मध्ये झालेल्या एका प्रयोगात काही जणांना खेळाच्या निमित्ताने देवाधर्माशी संबंधित शब्द वाचायला दिले आणि मग दहा डॉलर एका अनोळखी माणसाबरोबर वाटून घेण्यास सांगितले. शब्द वाचलेल्यांनी सरासरी चार डॉलरच्या वर दिले, इतरांनी दोन डॉलरहून कमी. मला याहून महत्त्वाचे वाटते ते असे की न्यायालय, पोलीस, करार असे शब्द वाचलेल्यांनीही जवळपास तेवढेच औदार्य दाखवले. म्हणजे कोणीतरी पाहत आहे, ही जाणीव देवघरातून आली की चावडीवरून, याने विशेष फरक पडला नाही. पुढे हा प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्यांना प्रत्येक वेळी तोच निकाल मिळालेला नाही, हेही ध्यानात ठेवावे. २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासात दानासाठी आवाहन केल्यावर नेमाने चर्चला जाणारे लोक इतरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रतिसाद देताना आढळले, पण फक्त रविवारी. सोमवारपासून तो फरक मावळत असे. उलट बाजूच्या लोकांनाही इथे सावध करावेसे वाटते. धार्मिक घरांतील मुले कमी उदार असतात, असे सांगणारा २०१५ मधला एक निबंध नास्तिक मंडळींनी फार मिरवला, परंतु त्यातील आकडेमोडीत देशांच्या नोंदीची चूक निघाल्यामुळे तो २०१९ मध्ये मागे घेण्यात आला.

आपल्या महाराष्ट्राला या बाबतीत परदेशी पुराव्यांची फारशी गरज नाही. गोपाळ गणेश आगरकर देव मानत नव्हते आणि त्यांच्या चारित्र्यावर त्यांच्या कडव्या विरोधकांनाही बोट ठेवता आले नाही. त्यांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत, ही गोष्ट तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्यासाठी विल्सन महाविद्यालयातली नोकरी गमावली, समाजाची निंदा सोसली, आणि पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून घर सांभाळत त्यांना शेवटपर्यंत साथ दिली. त्या घरात देव नव्हता, पण दोघांनी मिळून पत्करलेले काम होते. याहूनही मोठे उदाहरण १४ ऑक्टोबर १९५६ चे आहे. त्या दिवशी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांची सुरुवात ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्यापासून होते आणि पुढे चोरी न करण्याची, खोटे न बोलण्याची, व्यभिचार न करण्याची, दारू न पिण्याची शपथ येते. मुंबईच्या वस्त्यांमधूनही असंख्य कुटुंबांनी ही शपथ घेतली. तिच्यात सृष्टिकर्त्याचे भय नाही, पण चारचौघांसमोर दिलेला शब्द आहे, विहार आहे, आणि शब्द मोडला तर विचारणारी माणसे आहेत.

आता लग्नाकडे वळू. इथे आकडे प्रथमदर्शनी तुमच्या नातेवाइकांच्या बाजूने बोलतात. अमेरिकेतील ६६ हजारांहून अधिक परिचारिकांची १९९६ पासून १४ वर्षे नोंद ठेवणाऱ्या अभ्यासात, नेमाने प्रार्थनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये घटस्फोटाचे प्रमाण न जाणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे आढळले. तरीही या आकड्याचा अर्थ लावताना तीन गोष्टी विसरू नयेत. मोजली गेली ती उपस्थिती, मनातील श्रद्धेची खोली नव्हे. शिवाय ज्यांना घटस्फोट हे पाप वाटते तीच माणसे अधिक नेमाने प्रार्थनेला जातात, त्यामुळे कशाने काय घडले हे वेगळे काढणे अवघड असते. आणि तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची: तिकडे दर रविवारी तीच तीच कुटुंबे एकत्र जमतात, एकमेकांची विचारपूस करतात, कोणाच्या घरात अबोला आहे हे दोन आठवड्यांत लक्षात येते. आपल्याकडे मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत तीन तास उभा राहणारा माणूस शेजारच्याचे नावही न विचारता प्रसाद घेऊन घरी परततो. दोन्ही उपासनाच आहेत, पण संसाराच्या दृष्टीने त्या एक नव्हेत. त्या चर्चच्या रविवारशी आपल्याकडे तुलना करायचीच तर ती गल्लीतल्या बैठकीशी, दिंडीतल्या फडाशी, विहारातल्या वंदनेशी, मोहल्ल्यातल्या जमातीशी किंवा माहीम-वांद्र्याच्या पॅरिशशी, म्हणजे चर्चभोवतीच्या समाजाशी, करावी लागेल.

हे कसे घडते ते एका कुटुंबाच्या उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काळाचौकीच्या चाळीत राहणारे, गोदामात हमाली करणारे एक गृहस्थ रोज पिऊन येत. पत्नीने पोटगीचा अर्ज केला आणि समुपदेशनाच्या पहिल्या भेटीला येताना ती मुलाची जुनी शाळेची वही घेऊन आली. त्या वहीत तिने रेघा आखून तीन रकाने केले होते: तारीख, नवरा घरी किती वाजता आला, आणि हातावर किती पैसे ठेवले. पानेच्या पाने ‘११।।, काही नाही’, ‘१२, काही नाही’, ‘आला नाही’ अशी भरलेली होती. पुढे एका नातेवाइकाच्या आग्रहाने ते गृहस्थ बैठकीला जाऊ लागले, काही महिन्यांनी त्यांनी माळ घातली, आणि त्या वहीत हळूहळू ‘७’, ‘७।।’ असे आकडे आणि पगाराच्या दिवशी पूर्ण रक्कम दिसू लागली. अर्ज मागे घेतला गेला. दोनेक वर्षांनी चाळ पुनर्विकासाला गेली, कुटुंब नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेले, आणि काही आठवड्यांत पिणे पुन्हा सुरू झाले. भिंतीवर तसबीर तीच होती, गळ्यातली माळ तीच होती, देवावरचा विश्वास कणभरही कमी झाला नव्हता, हे त्यांनी स्वतः मला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. तुटले होते ते एवढेच, की गैरहजर राहिले तर दुसऱ्या दिवशी दारात येऊन ‘काल का आला नाहीत?’ असे विचारणारी काळाचौकीची चार माणसे नालासोपाऱ्यात नव्हती. पत्नीने स्वतः फिरून तिथली बैठक शोधून काढली, त्यांना तिथे नेऊन बसवले, आणि गाडी पुन्हा रुळावर आली. व्यसनमुक्तीच्या कामात असलेल्या कोणालाही विचारा, तोही हेच सांगेल की ठरलेली वेळ, ठरलेली माणसे आणि त्यांच्यासमोर दिलेली कबुली यांच्याशिवाय संकल्प फार काळ टिकत नाही.

याच्या उलट दुसरे कुटुंब. पती बँकेतून चांगल्या पदावर निवृत्त झालेले, पहाटे स्तोत्रपठण, वर्षभराचे सर्व उपवास, सोवळे कडक. पत्नी शाळेत शिक्षिका. तिचे एटीएम कार्ड पतीच्या पाकिटात असे, माहेरी जायचे तर कारण लिहून द्यावे लागे, आणि सुनेसमोर तिचा पाणउतारा होत असे. मी समुपदेशनात कधी कधी दोघांना वेगवेगळे बसवून एक कागद देते आणि विचारते की तुमचा धर्म किंवा तुमची तत्त्वे या लग्नात तुमच्याकडून काय मागतात, ते लिहा. या गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात पाऊण पान लिहिले. त्यातले प्रत्येक वाक्य ‘तिने’ या शब्दाने सुरू होत होते: तिने आज्ञेत राहावे, तिने घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत, तिने सणावारांना माहेरी जाऊ नये. पत्नीच्या कागदावर चारच ओळी होत्या आणि त्या चारही ‘मी’ने सुरू झालेल्या होत्या. लग्नाच्या दिवशी वराकडून धर्मात, अर्थात आणि कामात मर्यादा न ओलांडण्याचे जे वचन वधूपिता घेतो, त्यातले अर्थाचे वचन त्यांनी रोज मोडले होते, तरी आपण धर्मपरायण आहोत याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यांचे लग्न मोडले नाही. हे माझे भोग आहेत, असे म्हणून ती परत गेली. कोणत्याही पाहणीत ते घर स्थिर, श्रद्धाळू आणि टिकलेल्या लग्नाचे म्हणून मोजले जाईल.

म्हणूनच टिकणे आणि चांगले असणे या दोन गोष्टी मी एकत्र मोजत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदवलेली माणसे सुमारे १३.६ लाख होती, तर घटस्फोट न घेता विभक्त राहणारी सुमारे ३५ लाख, आणि दोन्ही गटांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक होती. घटस्फोट कमी म्हणून संसार सुखाचे, असे समजणाऱ्यांनी या दुसऱ्या आकड्याकडे जरूर पाहावे. गावोगावच्या परित्यक्ता त्या आकड्यात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, लग्न झालेल्या जवळजवळ तीस टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा झाल्याचे सांगितले, आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त चौदा टक्क्यांनी कोणाकडे मदत मागितली. हा त्याच देशाचा आकडा आहे, जिथे ७९ टक्के लोकांना देवाशिवाय नीती अशक्य वाटते.

मुंबईच्या उच्च न्यायालयात हा प्रश्न सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी उभा राहिला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी दादाजी भिकाजींकडे नांदायला जाण्यास नकार दिला, १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या डॉक्टर होऊन सुरत व राजकोट येथे रुग्णसेवा करीत राहिल्या. त्या वादात धर्मरक्षणाची भाषा बोलणारे सर्वजण लग्न टिकवण्याच्या बाजूने होते, आणि त्या तरुण मुलीच्या मनाचा विचार करणारे पुष्कळसे धर्मबुडवे ठरवले गेले होते. आजही जेव्हा एखादी मारहाण सोसणारी स्त्री मला सांगते की घरच्या गुरूंनी सहन कर, सेवा कर, दिवस पालटतील असे सांगितले आहे, तेव्हा मी तिला स्पष्ट शब्दांत सांगते की हा सल्ला धोकादायक आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षण मागता येते. याबाबतीत मी कोणत्याही धर्माच्या भावनेची भीड धरत नाही.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न निराळा आहे: एक मानणारी, एक न मानणारा. कॉल आणि हीटन यांच्या १९९७ मधील अमेरिकी अभ्यासात, पती आणि पत्नी दोघेही नेमाने प्रार्थनेला जात असतील तर घटस्फोटाचा धोका सर्वांत कमी आढळला, आणि दोघांच्या जाण्यात मोठी तफावत असेल तर तो वाढलेला आढळला. इथे नातेवाइकांच्या काळजीत तथ्य आहे, पण ते त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. मुलगा नीतिभ्रष्ट होईल म्हणून हा धोका नसतो. वर्षातून काही ठरावीक दिवशी दोघांना एकाच घरात दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात म्हणून तो असतो. माझ्यासमोर आलेली अशी भांडणे देव आहे की नाही यावर जवळजवळ कधीच झालेली नाहीत. ती झाली आहेत गणपतीत पाच दिवसांची रजा काढून कोकणात जायचे की नाही यावर, मुलाच्या मुंजीवर आणि जावळावर, श्राद्धाच्या जेवणाला पंक्तीत बसण्यावर, मासिक पाळीत देवघरात जाण्यावर, श्रावणात फ्रीजमध्ये मासळी ठेवण्यावर, आणि देवस्थानाला किती रक्कम द्यायची यावर. मुले होईपर्यंत बहुतेक गोष्टी निभावून नेल्या जातात. पहिल्या बारशानंतर दोन्हीकडचे आजी-आजोबा मैदानात उतरतात आणि तिथून गाठी बसू लागतात.

जॉन गॉटमन या अमेरिकी संशोधकाने जोडप्यांची संभाषणे वर्षानुवर्षे पाहून दाखवून दिले की घटस्फोटाची सर्वांत मोठी पूर्वसूचना म्हणजे एकमेकांविषयीचा तुच्छभाव. न मानणाऱ्या माणसाचा दोष याच वाटेने घरात शिरतो. एका अभियंत्याला मी हे वारंवार सांगत होते. तो सज्जन होता, सासूच्या आजारपणात रात्ररात्र रुग्णालयात बसला होता, पण वटपौर्णिमेला पत्नी साडी नेसून निघाली की मुलांसमोर तिची थट्टा केल्याशिवाय त्याला राहवत नसे. पत्नीचे म्हणणे एकच होते: तो पूजा करीत नाही याचे मला दुःख नाही, मी मूर्ख आहे असे माझ्या मुलांना वाटू लागले आहे याचे आहे. मानणाऱ्या माणसाचा दोष वेगळा असतो. आपण योग्य मार्गावर आहोत या खात्रीपोटी तो समोरच्याला सुधारायला निघतो, आणि मग नवस, अंगारे आणि मागे लागून करवून घेतलेले नमस्कार यांतून जोडीदाराची घुसमट होते. तुमच्या घरात दुसऱ्या प्रकाराची शक्यता अधिक आहे, हे मी तुमच्याविषयी पूर्ण आदर बाळगून सांगते. जावई पाया पडत नाही म्हणून दर सणाला त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न झाला, तर तुमच्या मुलीला दोन्हीकडून ओढ लागेल.

तेव्हा त्या मुलाकडे पाहताना तो काय मानत नाही हे बाजूला ठेवा आणि तो कोणाला उत्तरदायी आहे हे पाहा. त्याच्या आईवडिलांशी, धाकट्या भावंडांशी, हाताखालच्या माणसांशी तो कसा बोलतो. त्याचे दहा-पंधरा वर्षांचे मित्र आहेत का आणि ते त्याला चार शब्द सुनावू शकतात का. उसने घेतलेले पैसे तो न मागता परत करतो का. चूक झाली तर ती लपवतो की सांगतो. आपण देव मानत नाही हे त्याने होणाऱ्या सासऱ्याला पहिल्याच भेटीत सांगितले, यात त्याचे नुकसान होण्याची पूर्ण शक्यता होती. स्थळ हातचे जाऊ नये म्हणून खोटे बोलणारी, पगार फुगवून सांगणारी, आधीचा साखरपुडा लपवणारी आणि देव्हाऱ्यासमोर हात जोडून शपथ घेणारी पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या तुलनेत हा मुलगा निश्चितच उजवा आहे.

मुंबईतील कॅथॉलिक समाजात लग्नाआधी जोडप्याने तयारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यात पैसा, मुले, शरीरसंबंध, सासर यांवर बोलायला लावतात. आपल्याकडे याद्या होतात, मानपान ठरतो, पण हे बोलणे होत नाही. मुलीला आणि मुलाला एक दिवस निवांत बसू द्या आणि त्यांच्याकडून काही गोष्टी निश्चित होऊ द्या: नव्या घरात देव्हारा असेल का आणि त्याची पूजा कोण करील, सणांना कोण कुठे जाईल, मुलांचे संस्कार कोणते करायचे आणि न मानणारा पालक त्यांत कोणत्या भूमिकेत उपस्थित राहील, घरात काय शिजेल, दानधर्म कोणाच्या कमाईतून आणि किती. सगळ्यांवर एकमत झाले नाही तरी चालेल. कशावर मतभेद आहे हे दोघांना आजच माहीत असले पाहिजे. हे बोलणे तुमच्यासमोर होऊ नये, कारण वडिलधाऱ्यांसमोर दिलेली संमती पुष्कळदा भिडेची असते.

एक कायदेशीर बाब उरते. हिंदू घरात जन्मलेला मुलगा नास्तिक असला तरी कायद्याच्या दृष्टीने हिंदूच राहतो, त्यामुळे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखाली हे लग्न होण्यास अडचण नाही. मात्र त्या कायद्यात रूढीप्रमाणे विधी होणे आवश्यक आहे, आणि विधी न करता केवळ नोंदणी केली तर ते लग्न त्या कायद्याखाली ग्राह्य धरले जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. मुलाला विधी नकोच असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते आणि तीस दिवसांनंतर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. दोघेही हिंदू असल्याने त्यांच्या वारसाहक्कात त्यामुळे फरक पडत नाही. तुमच्या पत्नीची इच्छा असेल तर त्यानंतर घरी पूजा ठेवता येईल, पण त्यात मुलाने कुठे बसायचे आणि काय करायचे हे त्याला आधी विचारा, आणि तो जे सांगेल ते नातेवाइकांना तुम्ही स्वतः सांगा. ते काम मुलीवर टाकू नका.